पंपासोबत आलेले बिरूमामा

बिरूमामा गेले. आणि आमच्या पालिकेतल्या ज्या साहेबांनी पुरात त्यांचा पंप पळवायला माणसं पाठवली होती, त्यांनीच आज ग्रुपवर मामांच्या फोटोखाली हात जोडलेत.

फोटोत पंपसुद्धा आहे. फोटो कधी काढला, कुणी काढला, देव जाणे. पण साहेबांचे ते जोडलेले हात बघून माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

मी सांगलीकडच्या एका नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर आहे. त्या पुरात आमच्या पालिकेनं आजूबाजूच्या गावांकडे मदत मागितली. साताऱ्याच्या दुष्काळी भागातल्या एका नगरपंचायतीनं डिझेल पंप पाठवला.

सोबत तो चालवायला बिरूमामा.

ट्रॉलीतून उतरले आणि पहिला प्रश्न मलाच. "दवाखाना ह्योच न्हवं? का दुसराच दावताय?"

मला रागच आला. म्हटलं, "मदतीला आलात की आमच्यावर पाळत ठेवायला?"

"दोन्हीला. मागं एका गावाला दिला हुता. पूर वसरला, आन् पंप घावला फुडाऱ्याच्या शेततळ्यावर."

पंप सुरू केला, हँडल काढून मांडीखाली घेतलं आणि तिथेच ठाण मांडून बसले. चहा दिला तर आधी मला एक घोट प्यायला लावला! असा संशयी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

दुपारी वरच्या मजल्यावर सिझर सुरू होतं. लाइट गेलेली, सगळी भिस्त जनरेटरवर. खाली जनरेटरच्या खोलीत पाणी शिरत होतं आणि हा एकटा पंप ते बाहेर फेकत होता.

तेवढ्यात साहेबांची माणसं आली.

"पंप तासभर द्या. बंगल्याचं तळघर भरलंय."

मी ओरडले, "अहो, वर बाई टेबलावर आहे! जनरेटर बुडाला तर अंधार होईल!"

"सिस्टर, तुम्ही मध्ये पडू नका. मामा, पंप आमच्या पालिकेनं मागवलाय."

मामा जागचे हललेसुद्धा नाहीत.

"व्हय. आन् आमच्या पंचायतीनं धाडलाय, दवाखान्यासाठी. हात लावून तर बघा."

कुणाची छाती झाली नाही. शिव्या देत निघून गेले.

थोड्या वेळानं वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. मामा पहिल्यांदा हसले. मला तर रडूच फुटलं.

पाणी ओसरल्यावर मामा निघाले, तेव्हा बाळाची आजी हात जोडून म्हणाली, "आवं, पोराला तुमचंच नाव ठिवतो."

मामा दचकलेच.

"नगा, नगा! लोक म्हणतील, त्यासाठीच आलता."

आज त्या पोराच्या आईचा फोन आला. मामा गेल्याचं तिलाही कळलं होतं.

मामा, पंप कुणीही पाठवला असता. तुमच्या गावानं तुम्हाला पाठवलं, म्हणून आमची बाळंतीण आणि बाळ दोघंही घरी गेली.

या आता. तुमच्या गावाकडे तोंड करून माझा नमस्कार.