चावीला हात लावायचा नाही

दवाखान्याच्या जिन्याखाली दोघी विहिणी भांडत होत्या. नात सातव्याच महिन्यात जन्मली, तो दोष कोणाचा, यावरून.

"तुम्ही माझ्या लेकीला पाण्याच्या बादल्या उचलायला लावल्या."

"तुमची लेक? बादली सोडा, जेवलेलं ताट उचलत नव्हती!"

एवढं भांडून शेवटी एका गोष्टीवर मात्र दोघींचं जुळलं. इतक्याशा जिवाला मशीनवर ठेवून हाल कशाला?

जिन्यावरून पोरीच्या आत्याने ते ऐकलं. आत्या टेम्पो चालवायची, म्हणून सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. तिच्या जिभेला ब्रेक नव्हता. "पोरगी श्वासासाठी झुंजतेय, आणि तुम्ही धडधाकट बायका तिच्या वतीने हार मानता?"

पोरीची फुप्फुसं कच्ची होती. आधी मशीनच तिच्यासाठी श्वास घ्यायचं. मग नाकातल्या नळ्यांतून हवेचा दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवली. घरी आली ती नाकाला बारीक नळी आणि खाटेशी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊनच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कमी पडला तर जिवावर बेतेल, उगाच जास्त दिला तर डोळ्यांवर. सिलिंडरची चावी सांगू तेवढीच फिरवायची.

पण घरात शहाण्यांना काय तोटा! ड्रायव्हरबाईची आई म्हणे, "काढा ती नळी, सवय लागेल." विहीणबाईंची माया उतू गेली. त्या चावी वाढवायलाच निघाल्या, "घेऊ दे गं तिला पोटभर!"

"ते काय जेवण आहे, आग्रह करून वाढायला?" ड्रायव्हरबाई स्टूल ओढून चावीपुढे ठाण मांडून बसली. "आता बघते कोण येतं ते." सिलिंडरजवळ विस्तव नको, म्हणून भावाची बिडी तिने भावासकट रस्त्यावर काढली. आठवडाभर घरात कोणी तिच्याशी धड बोललं नाही. तिचं काही अडलं नाही.

डॉक्टरीणबाई हळूहळू चावी उतरवत गेल्या. डोळेही तपासून झाले, ठीक निघाले. एका तपासणीला त्यांनी नळीच काढली. रक्तातला ऑक्सिजन मोजायला पायाला लावलेल्या यंत्राच्या आकड्याकडे सगळे टक लावून बसले. आकडा ढळला नाही. पोरीने मात्र भोकाड पसरलं.

"ओरड!" आत्या म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी ती सिलिंडर परत करायला गेली. दुकानदार म्हणाला, "राहू द्या की थोडे दिवस. लागलाच तर?"

"लागला तर येईन. रस्ता पाठ आहे."

नेहमीसारखा तिने सिलिंडर तिरपा करून बुडाच्या कडेवर फिरवत आत नेला, भिंतीशी उभा करून साखळी अडकवली, आणि मागे गाडी लावणाऱ्याला चार शब्द सुनावून टेम्पो बाहेर काढला.