लाडू आवडले, असं मी लिहिलं होतं

खोकी भरायची वेळ आली की आमच्या कंपनीला माझी आठवण येते. एरवी मी गेटवरचा माणूस. गाड्यांचे नंबर लिहायचे, पिशव्या तपासायच्या, उशिरा येणाऱ्यांकडे नुसतं बघायचं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, तरी इथे सगळे मला मेजर म्हणतात. चाकणच्या पट्ट्यात गेटवर बसलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला पहिल्याच दिवशी मेजरची बढती मिळते, तीही फुकटात. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो. आता करत नाही.

यंदा सीमेवर पुन्हा तणाव वाढला. टीव्हीवर नकाशे आणि बाण दिसायला लागले आणि तिसऱ्या दिवशी एचआरची मुलगी माझ्या केबिनमध्ये आली.

“काका, आपण जवानांना खोकी पाठवतोय. तुम्ही कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बोला ना. घरून पार्सल आलं की जवानाला काय वाटतं, ते.”

मुलगी गुणी आहे, तिचा काही दोष नाही. पण मला त्या प्रश्नाचा कंटाळा आलाय. शाळेत, सोसायटीत, गणेश मंडळात, जिथे बोलावतील तिथे मी तेच सांगत आलो: डोळ्यांत पाणी येतं, घर आठवतं, अंगात दहा हत्तींचं बळ येतं. लोक टाळ्या वाजवतात, मग चहा येतो. खरं सांगायचं तर पार्सलांचा ढीग बघून जवानाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आता हे वर कोण वाहून नेणार. दुसरा विचार झोपेचा असतो.

तरीही तिच्यामागे कॅन्टीनमध्ये गेलो. दोन टेबलं जोडून त्यावर माल मांडला होता. चिवडा, बिस्किटं, साबण, दाढीचं सामान, कुणाच्या तरी लेकीने काढलेली रणगाड्याची चित्रं. पहिल्या शिफ्टची माणसं जेवता जेवता सूचना करत होती. “काका, अजून काय टाकू?” मुलीने विचारलं.

“हातमोजे टाका,” मी म्हणालो. “आपल्या स्टोअरमधले. सुती, पांढरे.”

सगळे हसले. एकाने विचारलं, “जवानांना काय मशिनवर उभं करायचंय का राव?” मुलीने यादीत हातमोजे लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी समजावायच्या भानगडीत पडलो नाही. टेबलाच्या टोकाला मशीन शॉपचे लाडूमामा बसले होते. ते मात्र हसले नाहीत. हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

हे लाडूमामा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने फिटर. निवृत्तीला आठ-नऊ महिने राहिलेले. चाकणजवळच्याच गावचे. कंपनी पिंपरीत होती तेव्हा रोज एसटीने पिंपरी गाठायचे, आणि घरी बसायची वेळ आली तेव्हा कंपनी उठून त्यांच्या शिवाराला येऊन टेकली. त्यांना सगळेच लाडूमामा म्हणतात. मी इथे सहा वर्षं आहे, मीही तेच म्हणत आलो. माणसाला गोड आवडत असेल, एवढंच मला वाटायचं. कधी विचारलं नाही.

साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा ते बसकडे न जाता माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले.

“मेजर, येक इचारू? हातमोजं कशापायी म्हनला तुमी?”

मी सांगितलं. पंचविशीत असताना मी लढाईत होतो, उंच डोंगरावर, बर्फात. तिथे लोखंडाला उघडा हात लागला की कातडी चिकटून निघते. लोकरीचे जाड हातमोजे घातले तर काडतूस भरता येत नाही, वायरलेसचं बटण फिरत नाही, खाण्याचा सीलबंद डबा उघडत नाही. म्हणून माणसं मोजे काढतात आणि बोटं घालवून बसतात. आमच्यातल्या एकाची तीन बोटं अशीच गेली. त्यानंतर कुठल्या तरी खोक्यातून कारखान्यात वापरतात तसले पातळ सुती हातमोजे आले. जाड मोज्यांच्या आत ते घालायचे. वरचे काढले तरी आतले राहायचे. ओले झाले की पोटाशी धरून वाळवायचो आणि आळीपाळीने वापरायचो. इतक्या खोक्यांतून इतकं काय काय आलं, पण खरं कामाला आलं ते तेवढंच.

“पांढरं व्हतं? मनगटाला पिवळी किनार?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

ते बसकडे वळले. बस हॉर्न वाजवत होती. जाता जाता म्हणाले, “म्या पाठिवलं व्हतं. डझनभर जोड. पर ते पोचलंच न्हाईत. उद्या दावतो तुमास्नी.”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक आंतर्देशीय पत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. घड्यांवर फाटलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. मी चष्मा लावला. आत चार ओळी होत्या. आपण पाठवलेले लाडू फार आवडले. घरची आठवण आली. आपल्या आशीर्वादाने आम्ही सर्व जण सुखरूप आहोत. जय हिंद.

“आता सांगा,” ते म्हणाले. “म्या लाडू पाठिवलंच न्हवतं. ह्ये दुसऱ्याच कुनाचं पत्र माज्या पत्त्यावर आलं. म्हंजी माजं पार्सल कुटंतरी गहाळ झालं आसंल, न्हाई तर हातमोजं बघून कुनी फेकून दिलं आसंल. तवापास्नं डोक्यात त्येच हाय.”

मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सही ‘एक जवान’ अशी होती, पण अक्षर माझं होतं.

झालं होतं असं. खोकी पायथ्याच्या तळावर यायची आणि तिथेच फोडली जायची. खायचं एका बाजूला, लोकरीचं दुसऱ्या बाजूला, साबण तिसऱ्या. वर न्यायला तेच सोयीचं होतं. पाठवणाऱ्यांच्या नावापत्त्यांच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या जायच्या. कुणी काय पाठवलं ते तिथेच पुसलं गेलं. मग साहेबांचा हुकूम निघाला, पत्ता असलेल्या प्रत्येकाला आभाराचं पत्र गेलं पाहिजे. आमच्या तुकडीत अक्षर माझं चांगलं. विसाव्याला खाली उतरलो की मला तो डबा आणि आंतर्देशीयांचा गठ्ठा मिळायचा. दहा-बारा पत्रं मी मनापासून लिहिली. त्यानंतर त्राण उरलं नाही. बहुतेक खोक्यांत लाडू असायचेच, म्हणून मी सरसकट सगळ्यांना लाडू आवडले असं लिहून टाकलं. शंभरावर पत्रं लिहिली असतील. एकदाही खोटं लिहितोय असं वाटलं नव्हतं.

आता केबिनमध्ये मला पळवाट होती. पोस्टात अदलाबदल झाली असेल, असं म्हणालो असतो तर मामांनी मान डोलावली असती. ते स्वतः तेच समजून चालले होते. क्षणभर तसं म्हणावं असं वाटलंही. इतक्या वर्षांचं मढं कशाला उकरायचं? पण मग ते पोचलंच नाही हेच त्यांच्या मनात कायम राहिलं असतं.

“मामा, हे पत्र मी लिहिलंय.”

त्यांना कळलं नाही. मी गाड्यांचं रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि शेजारी पत्र ठेवलं. माझा ‘ळ’ लहानपणापासून शेपटी मारतो. पत्रावरच्या पत्त्यात चाकण-तळेगाव रस्ता होता, त्या ‘ळ’लाही तीच शेपटी होती. ते एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. मी त्यांना सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांचा डबा, हुकूम, माझा कंटाळा. काही झाकलं नाही.

“आणि ते पोचले होते, मामा. तुमचेच होते. तसले दुसऱ्या कुणीच पाठवले नव्हते. एक जोड माझ्या वाट्याला आली होती.” मी रजिस्टरवरचं पेन उचललं. “खाली तळावरही हात गारठून पेन धरवत नसे. ही पत्रं मी तेच हातमोजे घालून लिहिली.”

मला वाटलं, आता ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश बसले.

“पत्र आलं त्या दिवशी म्या खुळ्यावानी समद्यास्नी सांगत सुटलो, जवानाचं पत्र आलंय म्हून,” ते म्हणाले. “फोरमननं कॅन्टीनमंदी मोठ्यानं वाचलं. लाडू म्हनताच आख्खं कॅन्टीन हसाया लागलं. हातमोजं पाठिवलं आन् वाटंत लाडू झालं म्हनं. तवाधरनं लाडू नाव पडलं ते पडलंच. आता पोरास्नी ठावंबी न्हाई का म्हनत्यात.”

सहा वर्षं मी या माणसाला गेटवर रोज हाक मारत होतो, हसून, आपुलकीने. मला माझीच लाज वाटली. माफी मागायला तोंड उघडलं, पण ते थांबले नव्हते.

“हसले त्याचं काय न्हाई वो. पर स्टोअरमदनं सा म्हैन्याचं हातमोजं म्या येकदम उचललं व्हतं, सही करून. म्हैन्याला दोन जोड मिळायचं. मंग सा म्हैनं उघड्या हातानं काम केलं. चौथ्या म्हैन्यात मशीनवरच्या लोखंडी जॉबच्या धारेनं ह्ये बोट कापलं.” त्यांनी उजवा हात पुढे केला. मधलं बोट काठीसारखं सरळ होतं. मुठीत येत नव्हतं. “आतली शीर तुटली. तुमचं पत्र आलं तवा हात बांधल्याला व्हता. डाव्या हातानं फोडलं म्या.”

बाहेर बस लागली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मामांनी तिकडे बघितलंही नाही.

“दावा बरं,” ते म्हणाले.

“काय?”

“हात. तुमचं दोनी.”

मी दोन्ही हात रजिस्टरवर पालथे ठेवले. मामांनी खिशातून चष्मा काढून लावला. मशीनवरून उतरलेला जॉब तपासतात तसं एकेक बोट टोकापासून मुळापर्यंत त्यांनी चिमटीत धरून बघितलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. प्रत्येक बोट वाकवायला लावलं. घाई अजिबात केली नाही.

“धाच्या धा हायेत,” ते म्हणाले. “मंग माजं येक गेलं तर काय झालं.”

त्यांनी माझे हात सोडले नव्हते, आणि मीही ते काढून घेतले नाहीत.