शेषेरावांची स्कूटर आणि चिंचगल्लीच्या घागरी

लातूर जिल्हा झाला आणि शेषेराव सोनकांबळे उस्मानाबादहून बदली होऊन नव्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून आले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना स्कूटर मिळाली. लोकांच्या लेखी पहिली गोष्ट मोठी. शेषेरावांच्या घरात मात्र दुसरी मोठी होती. त्यांनी स्कूटरचा नंबर लावला तेव्हा थोरली मुलगी पाळण्यात होती आणि गाडी दारात उभी राहिली तेव्हा तीच पोरगी हँडलला हार घालत होती. आठ वर्षं वाट बघून एखादी वस्तू दारात आली की माणूस थोडा खुळ्यासारखा वागतो. शेषेराव चांगलेच खुळ्यासारखे वागले.

कचेरी घरापासून चालत सात मिनिटांवर. शेषेराव स्कूटरवरून अठरा मिनिटांत पोचायचे. वाटेत त्यांना नवा जिल्हा बघायचा असायचा. कालपर्यंत जिथं सरकीचं गोदाम होतं तिथं आज कुठल्या तरी अधिकाऱ्याची पाटी लागलेली असायची. शेषेराव गाडी हळू करून पाटी वाचायचे, "हे बी आलं का!" म्हणायचे आणि आपणच मंजुरी दिल्यासारखी मान हलवून पुढं जायचे.

गाडी पहिल्या किकला कधीच चालू व्हायची नाही. त्यात बिघाड काही नव्हता, ती रीत होती. शेषेराव तिला डावीकडे कलती करायचे, कानाशी काही बोलल्यासारखे वाकायचे, सरळ करायचे आणि मग तिसऱ्या किकला ती फुरफुरायची. ओळखीचा माणूस दिसला तर पाय न टेकता त्याच्याशी बोलणं, ही त्यांची खास विद्या. एका हातात क्लच, तोंडात ख्यालीखुशाली आणि गाडी जागच्या जागी डुलतेय. बोलणं लांबलं की मात्र पाय टेकावा लागायचा, म्हणून शेषेरावांची बोलणी नेहमी थोडक्यात आटपायची. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं असं ते सांगत. खरं म्हणजे आवाज न करता वारा अंगावर घेत जाण्यात त्यांना फार मजा वाटायची.

आणि संध्याकाळी गोलाई. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे लातूरकराला कुठूनही हाकला, तो शेवटी तिथंच येतो. मागं बायकोला, सुमनबाईंना, बसवायचं, गोलाईला एक पुरता फेरा मारायचा, भाजी घ्यायची आणि परत यायचं. भाजी घरासमोरच्या गाड्यावर सुद्धा मिळायची.

"दहा पैशाच्या कोथमिरीला पेट्रोल जाळत जाणारा माणूस पयल्यांदाच बघून राहिले मी," सुमनबाई म्हणायच्या. म्हणायच्या आणि पदर खोचून मागं बसायच्या, कारण गोलाईच्या फेऱ्याला वारा त्यांनाही लागायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सगळं बिनसलं. तळी, विहिरी, आड, सगळ्यांनी तळ दाखवला. स्कूटर धुणं बंद झालं. शेषेराव ती कोरड्या फडक्यानं पुसायचे, तेही आतल्या अंगणात, चोरून. शेजारी घोटभर पाण्याला महाग झालेला असताना माणूस गाडी चकचकीत ठेवतोय हे बरं दिसत नाही. त्यात त्यांना टंचाईच्या टेबलावर बसवलं. पाण्याचे टँकर बाहेरून आणले होते आणि एका टँकरचा ड्रायव्हर होता देगलूरकडचा मन्मथ. त्याला लातूरची एकही गल्ली ठाऊक नव्हती. साहेब म्हणाले, "सोनकांबळे, तुमच्याकडे स्कूटर हाय. चार दिवस पुढं होऊन त्याला वाट दाखवा."

चार दिवसांचे दोन महिने झाले. मन्मथला वाटा पाठ झाल्या तरी तो एकटा जायला तयार होईना. "तुमी पुढं असलेलं बरं, साहेब. पाणी कमी पडलं की बाया तुमाला बोलतेत. एकटा गेलो की मला बोलतेत."

तर सकाळी आधी शेषेरावांची स्कूटर यायची, दोनदा हॉर्न वाजायचा आणि मागून टँकर वळायचा. गावानं याचा सोयीस्कर अर्थ काढला. स्कूटर आली की पाणी येतं. मग ती सकाळी येवो की संध्याकाळी.

पहिल्यांदा हा घोळ झाला तो चिंचगल्लीत. संध्याकाळची वेळ, मागं सुमनबाई, मोगऱ्याचा गजरा. कोपऱ्यावर सवयीनं हॉर्न वाजला आणि गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसलेले म्हातारे महादेवप्पा मास्तर ओरडले, "आली! आली!" बघता बघता दोन्ही बाजूंची दारं उघडली आणि घागरी, कळश्या, डालड्याचे डबे, एक बाळाचं अंघोळीचं घमेलं, सगळं रांगेत येऊन बसलं. शेषेराव मधून गेले. मागून टँकर आलाच नाही. परतीच्या वाटेला रांग तशीच होती, चेहरे मात्र बदललेले होते.

त्यानंतर शेषेरावांनी संध्याकाळी हॉर्न वाजवणं सोडलं. लोकांनी इंजिनाचा आवाज ओळखला. त्यांनी वाट बदलली. त्या वाटेवरही घागरी निघाल्या. एकदा तर ते पायी चालले होते, तरी एका बाईनं दारातून विचारलं, "साहेब, गाडी कुठं हाय?" जिल्ह्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला एवढा मान नव्हता आणि हा मान शेषेरावांना नको होता. त्यांनी संध्याकाळचा फेरा बंद केला. सुमनबाई दारावरच्या गाड्यावर भाजी घ्यायला लागल्या आणि भाजी अळणी लागते अशी दोघांची तक्रार सुरू झाली.

त्यातच नागुबाई आल्या. शेषेरावांची माय. शिरूर अनंतपाळजवळच्या एका वाडीत धाकट्या मुलाकडे राहायच्या. मोतीबिंदूमुळे दोन वर्षं त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. लातुरात तो काढला, पट्टी बांधली, पुढं दीड महिना घरात बसवलं. आणि शेषेरावांनी मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती: चष्मा आला की मायला स्कूटरवर बसवायचं आणि गोलाई दाखवायची. या बाईनं आयुष्यभर डोक्यावर ओझं घेऊन रस्ता तुडवला होता. एक दिवस तिनं बसून जावं, लेकाच्या मागं, आणि चहूकडचे दिवे बघावेत. मोठं काही नव्हतं त्यात, पण शेषेरावांना ते फार हवं होतं.

चष्मा आला तो रविवारी दुपारी. आणि धाकट्या सुनेचे दिवस भरत आल्याचा निरोप आला तोही रविवारी. सोमवारी पहाटेच्या एसटीनं नागुबाई जाणार होत्या. म्हणजे संध्याकाळ उरली एकच.

नागुबाईंनी नव्या चष्म्यातून आधी स्कूटर नीट बघितली. "हिला नाक न्हाई," त्या म्हणाल्या. "आन पोट एवढं कसं सुजलंय एका अंगानं?"

"माय, ते इंजिन हाय."

"मग ते मधी नगं का? पडंल की ही त्या अंगाला."

सुमनबाईंना हसू आवरेना. शेवटी नागुबाई बसल्या, दोन्ही पाय एका बाजूला, एक हात मागच्या स्टेपनीला, दुसरा लेकाच्या पोटाला, असा की त्याला श्वास घेणं अवघड व्हावं.

अडचण अशी होती की मोठा रस्ता नळाच्या पाइपासाठी खणून ठेवला होता. पाण्याचा पत्ता नव्हता, पण पाण्याची वाट तयार होत होती. गोलाईला जायला उरली चिंचगल्ली, आणि टँकरच्या इंजिनाचा पट्टा तुटल्यामुळे चिंचगल्लीत दोन दिवस पाणी आलेलं नव्हतं. हे शेषेरावांना ठाऊक होतं. त्यांनीच तसं टिपण लिहिलं होतं. पण गल्लीला चांगला उतार आहे हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंडाशीच इंजिन बंद केलं आणि गाडी सोडून दिली. महादेवप्पा ओट्यावर पेंगत होते. चार घरं गेली, सहा गेली. शेषेरावांनी श्वास रोखला होता.

"अग्गं माय!" नागुबाई मागून मोठ्यानं म्हणाल्या. "बंद पडली की रं तुजी गाडी!"

महादेवप्पांचे डोळे उघडले. "आली!"

पुढं जायला वाट उरली नाही. दोन्हीकडून घागरी आल्या, त्यांच्यामागं बाया. शेषेरावांनी पाय टेकला.

"टँकर मागं हाय का, साहेब?" महादेवप्पांनी काठी टेकत येऊन विचारलं.

"न्हाई, मास्तर. आज सुट्टी हाय. मायला जरा गोलाई दाखवून आणतो."

मग मागून एक बाई म्हणाली, "फिरा की. फिरा खुशाल. तुमचं काय अडलंय?" आणि तिनं घागर उचलली. तिचं खोटं नव्हतं, म्हणून शेषेरावांना ते जास्त लागलं. त्यांनी किकवर पाय ठेवला.

नागुबाई चष्म्यातून रांग बघत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"शेषा, ह्या कुणाच्या बाया?"

"गल्लीतल्याच. सगळ्यांच्या. चाटे हायत, स्वामी हायत, देशमुख हायत."

"आन तुजी वाट बघून राहिल्यात?"

"माजी न्हाई, माय. पाण्याची."

"पाणी हाय का न्हाई तुज्याकडं?"

शेषेरावांनी किकवरचा पाय काढला. पाणी होतं. सोमवारच्या पहिल्या खेपेसाठी टँकर भरून उभा होता, पट्टाही दुपारीच बसला होता. पण रविवारी खेप लावायची तर वरून हुकूम लागतो, आणि साहेब गावाला गेले होते.

नागुबाई उतरल्या. कशा उतरल्या ते कळलंच नाही. चढायला त्यांना पाव तास लागला होता. "जा," त्या म्हणाल्या. "घिऊन ये. मी बसते हितं."

"माय, मग गोलाई राहील. पहाटं यष्टी हाय तुजी."

"राहू दे. ह्यांच्या मधनं वाऱ्यावर फिरू का मी? जा म्हन्ते ना!"

शेषेराव गेले. मन्मथ टँकरच्या सावलीत उताणा पडला होता. "हुकूम?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं. शेषेरावांनी खिशातून खेपेच्या हुकमाची कोरी चिठ्ठी काढली आणि नोकरीत पहिल्यांदाच साहेबांच्या जागी स्वतःची सही केली. मन्मथनं चिठ्ठी वाचली, मग त्यांच्याकडे बघितलं, मग चप्पल घातली. परतीच्या वाटेवर शेषेरावांनी एवढा हॉर्न वाजवला की खणलेल्या रस्त्यावरची कुत्री उठून बसली.

दिवस बुडता बुडता टँकर चिंचगल्लीत लागला. नागुबाई महादेवप्पांच्या ओट्यावर बसल्या होत्या आणि कुणाचं तरी तान्हं पोर त्यांच्या मांडीवर होतं. नेहमीसारखी रेटारेटी सुरू झाली, पाइप या हातातून त्या हातात ओढला जायला लागला, कुणाची घागर आधी यावरून आवाज चढले. मघाशी फटकन बोललेली बाईच म्हणाली, "आजीच्या हातात द्या. आजीची घागर न्हाई रांगेत. त्या बरोबर भरतील."

पाइप नागुबाईंच्या हातात आला.

त्यांच्या वाडीला विहीर एकच होती आणि त्यांना तिच्या काठावर चढायची मुभा नव्हती. खाली घागर ठेवून लांब उभं राहायचं. वरच्या कुणा बाईला दया आली तर ती विटाळ टाळून लांबूनच, वरून पाणी ओतायची. निम्मं घागरीत, निम्मं मातीत. दया आली नाही तर उन्हं उतरेपर्यंत तसंच उभं. शेषेराव लहानपणी तिच्या पदराला धरून उभे राहिलेले होते. पुढं धर्म बदलला, कायदे आले, त्यांना नोकरी लागली, आणि ते उभं राहणं त्यांनी कुठं तरी मागं टाकलं होतं.

नागुबाई प्रत्येक घागरीपाशी वाकत होत्या. पाइपाचं तोंड घागरीच्या गळ्यात आत घालायच्या, काठोकाठ भरेपर्यंत वाकलेल्याच राहायच्या, मग पुढची. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावून सांगितलं होतं. लुगडं भिजलं होतं, चष्मा नाकावर घसरला होता.

"आजी, वाकू नका," ती बाई म्हणाली. "उभ्यानं वरूनच सोडा की पाणी. लवकर भरंल."

"न्हाई बाई," नागुबाई म्हणाल्या. "वरून न्हाई ओतायची मी."

बाईला त्यातलं काही कळलं नाही. ती घागर उचलून गेली. शेषेराव स्कूटरला टेकून उभे होते. त्यांना भर रस्त्यात रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग ते पुढं झाले, मायच्या शेजारी वाकले आणि पुढची घागर तिच्या हाताखाली सरकवली.