काकांच्या नकाशातली लाल वाट

सुधाकर काकांना काल आपण चुकीच्या रस्त्याने नेलं.

स्मशानाची वाट गावामागून, ओढ्याच्या कडेने जाते. दहा मिनिटांची. आज तिच्यावर प्लॉटिंगवाल्याचं कंपाउंड आहे. म्हणून मोठ्या रस्त्याने, डंपरना हात करत, टेंपोत घालून नेलं.

खांदासुद्धा धड देता आला नाही.

आणि त्याच कंपाउंडवर आज सकाळी फ्लेक्स. काकांचा फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली प्रोजेक्टचं नाव.

लाज त्यांना नसेल. आपल्याला आहे का, ते विचारायला लिहितोय.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. काका आमचे शेजारी. खोपोलीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, क्वार्टर्समध्ये राहायचे. रिटायर होऊन इकडे कर्जतला, गावी आले आणि साठीत कम्प्युटर शिकले.

तालुक्यातून गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल आणली. कम्प्युटरवर उपग्रहाच्या फोटोंची ती पृथ्वी फिरते ना, तिच्यावर अख्खं गाव बसवलं. एकेक रेघ स्वतः ओढून.

शेतांच्या हद्दी पिवळ्या. ओढा निळा. वाटा लाल.

प्रत्येकाचा वेगळा लेअर. टिक केली की वाट जमिनीवर उमटायची, टिक काढली की गायब.

मी एकदा शहाणपणा केला. "काका, नकाशाचा फोटोच चिकटवा की वरून. दहा मिनिटांचं काम."

"फोटो झूम केला का फुटतो रं. रेघ फुटत नाय. पार बांधापर्यंत खाली जा, रेघ तशीच हाय."

हे सगळं कशासाठी? त्या लाल रेघेसाठी. प्लॉटिंगवाला आला तेव्हाच काकांनी ओळखलं होतं की पहिली ही स्मशानाची वाट जाणार.

आता नकाशा जमिनीवर बसवायचा तर एक तरी पक्की खूण लागते. आपल्या शिवेचे दोन जुने दगड रस्त्याच्या कामात गेले. उरला एक. त्याला आपण शेंदूर लावतो, नारळ फोडतो. शिवेवरचा देव.

काकांनी नकाशा त्या देवावर टेकवला. रेघा खालच्या फोटोपासून सरकलेल्या दिसल्या, तर म्हणाले, फोटो चुकेल, दगड नाय.

ग्रामसभेत प्लॉटिंगवाल्याच्या माणसाने काकांचीच फाइल पडद्यावर लावली. सूट, बूट, हातात लेझर.

"बघा मंडळी. काकांच्या नकाशात ओढा समाजमंदिरातून वाहतोय. आणि वाट? ती तर आमच्या जागेत नाहीच. तुमचाच नकाशा सांगतोय."

सभा हसली.

मीही हसलो. हे लिहिताना कानशिलं तापली आहेत, पण हसलो.

काका उभेच. म्हणाले, "माझी कायतरी चूक हाय. पण वाट हाय. तुमी सगले रोज चालता तिच्यावरून. बोला ना."

 काका सरकारी मोजणी मागा म्हणाले, तर अर्जावर कोणी सही केली नाही.

महिन्याभरात कंपाउंड उभं.

नकाशाचं काय झालं होतं ते गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

देव आपण हलवला होता.

काका खोपोलीत होते, गावी फारसे येत नव्हते तेव्हा. ऐनाच्या झाडाखाली चिखल होतो, बायाबापड्यांना लांब पडतं, म्हणून कमिटीने देव उचलून साठेक पावलं पुढे, रस्त्याला आणला. टाइल्स लावल्या, पत्रा टाकला. वाजतगाजत. पहारी घालून सहा जणांनी उचलला. डाव्या बाजूला मी होतो.

देव साठ पावलं सरकला, म्हणून अख्खा नकाशा साठ पावलं सरकला. ओढा समाजमंदिरात शिरला. इतकं साधं.

आणि सभेत आपण सगळे खाली मान घालून बसलो. का? शिवेचा दगड हलवला म्हणून केस होईल. कमिटीची नावं येतील.

काका त्यानंतर कित्येक महिने स्वतःचीच चूक शोधत बसले. प्रत्येक रेघ पुन्हा ओढली. एक दिवस मला ओट्यावर बसवून विचारलं.

"खरं सांग. शिवेवरचा देव कोणी हलवलाय का रं?"

मी म्हटलं, "नाय काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा घे म्हणाले.

आज काकींनी मला बोलावून कम्प्युटर चालू करायला लावला. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण काय उघडायचं ते ठाऊक होतं. फाइलमध्ये तळाला एक लेअर, टिक काढलेला. टिक केली.

त्यात सगळ्या रेघा नव्याने ओढलेल्या, जागच्या जागी. ओढा ओढ्यावर, बांध बांधावर. आणि लाल वाट, सरळ कंपाउंडच्या आतून.

ऐनाच्या झाडाखाली एक पिन. 'देवाची मूळ जागा.'

त्या पृथ्वीत जुने फोटोही बघता येतात. वर्षं मागे सारत काकांना देवाचा जुना चुन्याचा चौथरा दिसला होता. ऐनाखाली, पांढरा ठिपका.

"त्यांला ठावं होतं रं," काकी म्हणाल्या. "मी बोलले, जा ना मग, दाखवा तालुक्याला. तर बोलतात, गावावर केस होईल. पोरं अडकतील. राहू दे."

पोरं म्हणजे मी.

काका, तुमचाही राग येतोय. आम्हाला वाचवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आमची लायकी होती का?

फाइल खाली कमेंटमध्ये टाकली आहे. कोणीही उघडा. उद्या तीच घेऊन तालुक्याला जातोय, मोजणीचा अर्ज करायला. दगड आम्ही हलवला, हेही लिहून देणार आहे, माझ्या नावाने, सहीने. उरलेल्या पाच जणांनी आपलं काय ते ठरवावं.

तो फ्लेक्स मी मघाशी फाडला. ज्याला तक्रार करायची त्याने करावी.

काका, तुमची रेघ बरोबर होती. देव आम्ही हलवला होता.

हे तुम्ही विचारलंत तेव्हा, ओट्यावर सांगायला हवं होतं.

नमस्कार करतो, काका.