पाठीखालची फिल्म

अंधारात काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. डोळ्यांना दिसत नाही, मग कानच सगळं टिपून ठेवतात! संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता, तेव्हा मी परळच्या एका इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत नर्स होते. पडद्यावर हाडं अंधूक दिसायची, म्हणून खोलीत कायम काळोख.

आमचे डॉक्टर केरकर. डोळ्यांना काळोखाची सवय राहावी म्हणून बाहेरही लाल काचांचा चष्मा घालत. लालबागच्या नाक्यावर एक भाजीवाली त्यांना म्हणाली, "डोळे आलेत ना? लांब उभे राहा हो, माझ्या वांग्यांकडे बघू नका!"

*

पडद्यामागे रोग्याची कातडी किती किरण खाते, याचा डॉक्टरांना घोर. मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मग ते काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा तुकडा रोग्याच्या अंगाला चिकटवत. धुतल्यावर तुकडा जितका काळा, तितका कातडीला मार जास्त!

एका मालवणी आजोबांनी तो निमूट दंडाला लावून घेतला. "डॉक्टरानू, हो ताईत कधी सोडूचो?"

डॉक्टर हसले नाहीत. "तो माझ्यासाठी आहे, आजोबा."

*

त्यांची स्वतःची नखं तडकलेली, बोटांची सालं निघायची. तरुणपणी शिशाचे हातमोजे न घालता किरणांत हात घातले होते. कढत चहाचा कप सहज उचलत, चटका कळतच नसे.

नायगावच्या चाळीतल्या एका म्हातारीनं ते हात आपल्या हातात घेतले. "बायकोला सांग रे बाबा, भांडी तिनं घासावीत!"

"सांगतो, आई," म्हणाले.

*

गिरणीतल्या यमुनाबाईंच्या तळव्यात सुई मोडली. सर्जन पडद्यावर बघत चिमटा फिरवत होते, सुई हुलकावणी देत होती. केरकरांनी किरण चालू ठेवणाऱ्या पेडलवरचा पाय काढला. पडदा विझला.

"अहो, सापडत आलीय!" सर्जन ओरडले.

"हात यांचा आहे. यांना विचारा."

काळोखातून यमुनाबाई म्हणाल्या, "राहू द्या की चार दिवस. सुई कुठं पळून जातेय?"

सुई पुढच्या आठवड्यात निघाली. तळव्यावर किरणांचा डाग नव्हता.

*

आणि काळाचौकीचा सदा. मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात त्याच्या खांद्यात गोळी घुसली. रक्त थांबेना. पडद्यावर बघत गोळी शोधायला फार वेळ लागला, आणि या खेपेला डॉक्टरांना पाय काढता येईना. गोळी निघाली, सदा वाचला. पण पाठीखालची फिल्म धुतली तर काळीकुट्ट!

"दोनेक आठवड्यांत पाठ लाल होईल," केरकर म्हणाले. झालीच.

तपासणीला सदाबरोबर त्याचा थोरला भाऊ यायचा. तो पोलिसात हवालदार. गोळीबाराच्या दिवशी तोही तिथंच बंदोबस्तात होता, त्याच्याही बंदुकीतून गोळ्या सुटल्या होत्या. खोलीत यायचा, पण सदाच्या खांद्याकडे बघायचा नाही.

एकदा डॉक्टरांनी त्याला जवळ बोलावून सदाची पाठ दाखवली. "गोळीची जखम भरलीय. हा लाल चट्टा मात्र माझ्या किरणांचा. हा मी केलाय. बरा होईपर्यंत मीच बघेन."

हवालदार त्या चट्ट्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला निदान माहीत तरी आहे, डॉक्टर."