सातवे संमतीपत्र

महिपत धाकू गोताड यांच्या मोबाइलात दोन हजारांहून अधिक फाइली आहेत आणि त्यांतील फार तर चाळीस त्यांच्या स्वतःच्या आहेत. बाकीच्या भावकीच्या. तीन सख्खे भाऊ आणि तीन चुलतभाऊ मुंबईला, बहीण चिपळूणला दिलेली. गावात राहिले ते एकटे महिपत. जो गावात राहतो त्याच्याकडे घराची किल्ली, देवाची पूजा आणि सगळ्यांचे कागद राहतात, ही आमच्याकडची रीत. शाळा सोडल्याचे दाखले, आधार, मयतीचे दाखले, कुणाच्या नातवाच्या बारशाची पत्रिका, जे येईल ते महिपत उतरवून घेतात आणि काहीही पुसत नाहीत. दुसऱ्याचा कागद आपण कसा फाडायचा, असे त्यांचे म्हणणे आहे.

चार वर्षांपूर्वी त्यांनी कातळावर साठ हापूसची कलमे लावली. विहीर खाली, कलमे वर. मार्गशीर्षापासून पाऊस पडेपर्यंत हा पंचावन्न वर्षांचा माणूस डोक्यावरून पाणी वाहतो. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा गुडघा गेला आणि अकरा कलमे गेली. पंप बसवायचा तर वीजजोडणी हवी. वीजजोडणी हवी तर सामाईक सातबाऱ्यावरच्या सातही सहहिस्सेदारांची संमती हवी. आणि ती मोबाइलवरून चढवायला हवी. एके काळी अर्जाचा कागद सांभाळणे हे कार्यालयाचे काम होते. आता ते अर्जदाराच्या खिशात आले आहे; पगार मात्र जिथल्या तिथे राहिला आहे.

सहा पुरुषांच्या संमत्या गणपतीत मिळाल्या, कारण गणपतीला सगळे गावी येतात. बहीण हौसा सासरच्या गणपतीला असते. तिने दिवाळीत सही करून मोबाइलवर पाठवली. पुढे पौषात तिच्या मुलाला, विनीतला, कुणी सांगितले की कातळाच्या जमिनीला गिऱ्हाईक आहे. त्याने मूळ कागद आपल्या कपाटात ठेवला आणि यापुढे मामाच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही, असे आईला बजावले. म्हणजे महिपत यांच्या मोबाइलात जी काही प्रत असेल, तीच एकमेव. ती सापडली तर पंप. पुन्हा मागितली तर विनीत जागा होणार.

अर्ज पुरा करायला दहा दिवस उरले तेव्हा ते शाळेत माझ्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, ह्यात हाय, पण गावत नाय.”

हौसा हे नाव त्यांनी मराठीत शोधले होते आणि लेकाकडून इंग्रजीतही शोधून घेतले होते. तिच्याशी झालेल्या बोलण्यात वर सरकत गेलो तर दिवाळीच्या जागी काहीच नव्हते. मोबाइल भरला म्हणून दुरुस्तीवाल्याने सगळ्यांच्या गप्पा साफ केल्या होत्या; फाइली तेवढ्या राहिल्या होत्या. मग मी फाइलींची ती सरमिसळ तारखेप्रमाणे लावली; दिवाळीच्या तारखांत हौसाच्या नावाची एकही नव्हती. माणसागणिक एकेक फोल्डर केले. तीन दिवस मधल्या सुट्टीत आम्ही दोघे परक्यांचे दाखले उघडत आणि मिटत बसलो. प्रत्येक फोल्डर भरत होते. हौसाचे रिकामे होते.

चौथ्या दिवशी दिवाळीच्या आठवड्यातली एक फाइल मी सहज उघडली. नाव होते सुहासिनी कदम. स्टॅम्पपेपर, सही आणि कोपऱ्यात एका बाईचा फोटो. महिपत यांनी मोबाइल माझ्या हातून घेतला.

“ही आमची बाय.”

लग्नात सासरच्यांनी ठेवलेले नाव. चिपळूणच्या झेरॉक्सवाल्याने आधारवर होते तेच फाइलीला दिले. माहेरी तेहेतीस वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. महिपत म्हणाले, “हे नाव मी रोज बघत होतो. वाटलं, कुणा परक्या बाईचं आसंल. कदम काय, गावोगाव हायत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीला वीज कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या इसमाने पडद्यावर दोन नावे पाहिली आणि शांतपणे विचारले की सातबाऱ्यावर हौसा धाकू गोताड आहे, मग ही सुहासिनी कदम कोण? मी लग्नातल्या रीतीबद्दल बोलू लागलो. त्याच्या बायकोचेही नाव तसेच बदलले होते, हे त्याने आपण होऊन सांगितले. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा, म्हणाला. ते अर्थात तिनेच करायचे.

फोन करण्यावाचून मार्ग नव्हता. महिपत यांनी स्टँडवरूनच केला. मी शेजारी होतो; हौसाबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले. कलमे किती उरली, गुडघा कसा आहे, हे विचारले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “महिपत, ह्या घरात हौसा कोण, ते कुणाला माहीत नाही रे. ती सही कुठनं आणू?” महिपत म्हणाले, “बाय, तू एकदा तहसीलला ये. मी गाडी करतो.” तिकडे कुणीतरी काहीतरी बोलले आणि फोन विनीतकडे गेला. तो अतिशय नम्रपणे बोलला. मामा, तुमच्याकडे आईची जी फाइल आहे ती आधी मला पाठवा, मी वकिलांना दाखवतो आणि कळवतो.

महिपत यांनी पाठवली. नाही कसे म्हणणार? कागद तिचा होता.

विनीतने दोन दिवसांत कळवले. संमती मागे घेतल्याचे पत्र त्याने परस्पर कार्यालयाला धाडले होते आणि त्याची प्रत मामांना. त्यावर सही सुहासिनी कदम यांची होती आणि त्या सहीसाठी कोणतेही प्रतिज्ञापत्र लागले नाही. मुदत संपली, अर्ज निकाली निघाला. नव्या अर्जाला नव्या तारखेच्या सात संमत्या लागतात.

परवा महिपत पुन्हा आले होते. मोबाइल पुढे धरून त्यांनी विचारले की आता ह्या सातही फाइली पुसल्या तर चालतील का. मी म्हटले, राहू द्या. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि कलमांना पाणी घालायची वेळ झाली म्हणून उठले.