खांदा बाबांचा, विषय माझा

आमचे बाबा बँकेत. घरात नवा कुकर जरी यायचा झाला तरी "यात जोखीम किती?" हे आधी विचारणार. मग मी फिजिओथेरपी म्हटल्यावर काय होणार होतं! दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मला ते अमेरिकेत जाऊन शिकायचं होतं, आणि तिथे आधी कुठलीतरी पदवी लागते. मी म्हणायची बायोलॉजी, बाबा म्हणायचे अकाउंटन्सी. "फिजिओ नाही जमलं तर?" म्हणजे परीक्षेला बसायच्या आधीच मला नापास करून मोकळे! रोज जेवताना आमची जुंपायची.

त्या वर्षी गणपतीत, देशापासून दूर, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाबांनी आरतीचं ताट चक्क डाव्या हातात घेतलं. जमलेल्या काकवांच्या टाळ्याच थांबल्या. आई कुजबुजली, "अहो, उजवा!" उजवा वर जाईल तर ना! खांदा केव्हाचा आखडलेला आणि साहेब गप्प. ताट मी घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांना ओढत नोव्हेना भागातल्या दवाखान्यात फिजिओकडे नेलं.

फिजिओ तरुण मुलगी होती, अमेरिकेत शिकलेली. तिने हात जरा वर नेला तर बाबा "आई गं!" म्हणून ओरडले. पण तशातही चौकशी सुटते थोडीच? पदवीला तुझा विषय काय होता, हे विचारलंच त्यांनी.

"म्युझिक," ती म्हणाली. सायन्सचे लागतात तेवढे विषय तिने सोबत केले होते.

मला उकळ्या फुटल्या. बाबा मात्र हात तसाच तिच्या हातात ठेवून माझ्याकडे वळले. "बघ! काहीही चालतं. म्हणजे अकाउंटन्सीही चालते!"

घ्या! मी कपाळाला हात लावला.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत मी फणकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला तरी आवडायची का हो अकाउंटन्सी?"

बाबांनी दारावरचा स्टेशनांचा नकाशा दोनदा वाचला. मला वाटलं, रागावले. मग ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही गं." आणि माझ्याकडे वळून, "तुला काय आवडतं?"

सवयीने 'बायोलॉजी' तोंडावर आलं. पण ती मला मुळीच आवडत नव्हती. फिजिओला जाणारे सगळे तीच घेतात म्हणून मी इतके दिवस घसा फोडत होते. काय चालेल ते सगळ्यांनी सांगितलं होतं, काय आवडतं ते आज पहिल्यांदा कुणी विचारत होतं. भर गर्दीत मला रडूच आलं.

"सायकॉलॉजी," मी नाक ओढत म्हटलं. "खांदा दुखतोय हे स्वतःच्या बायकोलाही न सांगणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, ते मला शिकायचंय."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसता बोगद्याचा अंधार होता.

"घे मग," ते म्हणाले. "आईशी मी बोलतो. खांद्याबद्दलही."